बांबूला बांधलेली दोरी

सुलभाबाई आमच्या कारखान्यात पहिल्यांदा आल्या तेव्हा मी त्यांना विचारलं, "बाई, आज डब्यात काय आसा?"

आता यात माझी काय चूक? स्कूटरवर पायांच्या मध्ये त्यांनी पितळी डबे ठेवले होते. एकावर एक रचलेले, वर झाकण, चकचकीत. कोणीही म्हणेल बाईंनी जेवण आणलंय, आणि पितळेत आणलंय म्हणजे नक्की काहीतरी चांगलं असणार. बाईंनी वरचा डबा उचलून माझ्या हातात दिला. आत बघतो तर बूडच नाही, नुसती जाळी. खालचा बघितला, त्यालाही जाळी, आणखी बारीक. त्याच्या खालचा त्याहून बारीक.

मी म्हटलं, "बाई, तुमचा जेवण वाटेत गळान गेला."

सगळे हसले. बाई नाही हसल्या. चष्मा नाकावर खाली घेऊन त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "नाव काय तुझं?"

"बाबल."

"बाबल, या चाळण्या आहेत. आजपासून त्या तू साफ करायच्या. पाण्याने नाही, ब्रशने. जाळीला बोट लावायचं नाही."

मी पहिल्याच दिवशी बोट लावलं. ते सोडा.

आमचा कारखाना म्हणजे शिरोड्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून, पत्र्याची मोठी शेड. मोदकाचं पीठ, घावण्याचं पीठ, मालवणी मसाला आणि पाण्यात टाकून ढवळली की होते ती सोलकढीची पावडर. गिऱ्हाईक पर्यटक, दुकानदार आणि मुंबईला गेलेली आपलीच माणसं. मालक जयवंतशेठ. माझी बायको मंगल तिथे पॅकिंगला होती, आणि तिच्या ओळखीने मी लागलो. घरात शिकलेली तीच, दहावी पास. मला चौथी इतकी आवडली की मी ती परत केली, तरी ती काही मला आवरली नाही.

शेठने बाईंना बोलावलं ते सोलकढीपायी. तक्रारी यायला लागल्या होत्या. एका पाकिटात नुसतं मीठ, दुसऱ्यात नुसता आमसुलाचा भुगा. एका गिऱ्हाईकाने फोन करून विचारलं होतं की ही पावडर प्यायची की मासे खारवायचे? बाई शेठच्या लांबच्या नात्यातल्या. मुंबईला मोठ्या कॉलेजात केमिकल इंजिनियरिंग शिकवून रिटायर झालेल्या आणि आरोंद्याला माहेरच्या घरात येऊन राहिलेल्या, एकट्या. लेक लग्न होऊन बेळगावला. केमिकल म्हटल्यावर मला वाटलं बाई बाटलीतून काहीतरी ओततील, धूर निघेल आणि सोलकढी बरी होईल.

बाईंनी बाटली काढलीच नाही. म्हणाल्या, "तू रोज कसं करतोस ते करून दाखव."

मी दाखवलं. मोठ्या पातेल्यात मीठ, आमसुलाची पावडर, नारळाची पावडर, मिरची, सगळं घालून घामाघूम होईस्तोवर ढवळलं. बाईंनी चिमूट घेऊन बघितलं. "छान मिसळलंस," म्हणाल्या. मी मंगलकडे बघितलं, बघ म्हटलं.

"आता पुढे?"

पुढे मी पातेलं डोक्याच्या वर नेलं आणि तिथून पॅकिंगच्या टाकीत धार सोडली. हे माझं खास होतं. चहावाला कसा वरून चहा ओततो तसं. बायका बघायच्या.

"थांब मेल्या!" बाई ओरडल्या. बाई शिकवायला लागल्या की पुस्तकातलं मराठी बोलायच्या आणि रागावल्या की थेट आरोंद्याला पोचायच्या. "तासभर मिसळलंस आणि एका घटकेत परत वेगळा केलंस!"

मग त्यांनी एका ट्रेमध्ये ती पावडर वरून ओतायला लावली. ढीग झाला. ढीग पट्टीने मधोमध कापून दाखवला. मधे आमसुलाचं पीठ, गुलाबी. कडेला मिठाचे दाणे, पांढरे. एखाद्याने मुद्दाम निवडून ठेवल्यासारखे.

"मोठा दाणा उतारावरून घरंगळत कडेला जातो," बाई म्हणाल्या. "बारीक मधेच अडकून बसतो. जेवढं उंचावरून ओतशील तेवढी त्यांची फारकत. म्हणून एका पाकिटात मीठ आणि दुसऱ्यात आमसूल."

मंगल मागून म्हणाली, "म्हणजे इतके दिस लोकांनी मीठ खाल्ला ता ह्याच्या स्टाईलीपायी?"

मीठ आमसुलाइतकंच बारीक दळायचं, पातेलं टाकीच्या तोंडाला टेकवून हळू ओतायचं, बस. तक्रारी थांबल्या. माझा खेळही थांबला.

त्यानंतर बाई येतच राहिल्या. शेठने कधी बोलावलं म्हणून, कधी न बोलावता. त्यांना कुठल्याही पावडरीचं वेड. चिमूट घ्यायची, अंगठ्याने बोटावर घासायची आणि कानाशी नेऊन ऐकायची. कोरड्या पावडरीचा आवाज वेगळा, दमट असेल तर वेगळा, म्हणायच्या. मीही करून बघितलं. मी निवडलेली पावडर मालवणी मसाल्याची निघाली. दोन दिवस माझा कान लाल होता आणि मला एकाच बाजूने ऐकू येत होतं. मंगल म्हणते, तेही काही वाईट नव्हतं; ती मुद्दाम माझ्या बहिऱ्या बाजूला बसून शिव्या द्यायची.

चहाच्या टपरीवर बाई बशीत साखर ओतून तिचा ढीग करायच्या. पर्समधून पोरांच्या कंपासपेटीतला कोनमापक काढायच्या आणि ढिगाचा उतार मोजायच्या. "प्रत्येक दाण्याचा आपला एक उतार असतो, बाबल. त्याच्यापेक्षा उभा तो राहत नाही. कितीही ओत, खाली घसरणार. माणसाचं कळत नाही, दाण्याचं कळतं." टपरीवाला म्हणायचा, "बाई, तुमी चाय बिनसाखरेची पिता आणि साकर आमची नासता." बाई ढिगातली चिमूटभर साखर तोंडात टाकायच्या आणि बाकीची परत डब्यात.

एकदा मला स्कूटरच्या मागे बसवून आरोंद्याकडे निघाल्या होत्या. रस्त्याच्या कडेला वाळूचा ढीग दिसला आणि बाईंनी करकचून ब्रेक मारला. उतरल्या, कोनमापक काढला, वाकून माप घ्यायला लागल्या. वाळूवाल्याने लांबून बघितलं. पांढऱ्या केसांची, चष्म्याची बाई, हातात माप, बरोबर एक शिपायासारखा दिसणारा माणूस. तो शिपाई म्हणजे मी. वाळूवाला जो पळाला तो माडांच्या बागेतून पलीकडे. बाईंना पत्ताच नाही. म्हणाल्या, "वरून सुकलीय, आतून ओली आहे, म्हणून इतकी उभी राहिलीय. मालक कुठाय? त्याला सांगितलं पाहिजे, पोरं खेळतात इथे, ढासळेल."

मी म्हटलं, "मालक आता गोव्यात पोचलो असतलो."

पण हे सगळं मी उगाच लांबवतोय. बाईंचं आणि माझं खरं भांडण झालं ते हॉपरवरून.

हॉपर म्हणजे लोखंडाचं मोठं नरसाळं, आमच्या घरापेक्षा उंच. शिडीने वर चढून त्यात तांदूळ टाकायचा, खाली झडप, झडपेतून तांदूळ गिरणीत. मोदकाचा तांदूळ धुवून सुकवायचा, पण चतुर्थीच्या आधीचे दिवस, हवा ओली, तो पुरता सुकणार कुठून? मग हॉपरमध्ये तो दाटून बसायचा. खालून गिरण रिकामी फिरायची आणि वर तांदूळ तसाच. पहिल्यांदा सगळे जाऊन घणाने हॉपरला ठोकायचे. त्याच्या अंगावर देवी आल्यासारखे खड्डे पडले होते. ठोकून झालं की पायथ्याशी नारळ फोडायचा. आणि तरी नाही हलला तर हाक यायची, "बाबल्याक बोलवा!"

मग मी. अंगाने किडमिडीत, वजनाला हलका, म्हणून ते काम माझं. शर्ट काढून, बांबू घेऊन मी वरून हॉपरमध्ये उतरायचो, तांदळावर उभा राहायचो आणि बांबूने भोसकायचो. खाली तांदूळ सुटला की शिडीला लटकून वर. बाहेर आलो की भजी आणि चहा, सगळे पाठीवर थाप मारायचे. आयुष्यात मला दुसरं कुठलं काम एवढं जमलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला त्या हॉपरचा अभिमान होता. तो अडकला की मला बरं वाटायचं.

बाईंनी मला पहिल्यांदा उतरताना बघितलं तेव्हा त्या खालून किंचाळल्या. मी थांबलो. त्या शिडीवर चढल्या, सत्तरीच्या बाई, साडी खोचून, आणि वाकून आत बघितलं.

"ही दोरी कसली?"

"बांबूची, बाई."

"बांबूक दोरी?"

"होय. एकदा बांबू तांदळात गेलो आणि गिरणीत त्याच्या चिपा झाल्या. पिठातसून गिऱ्हाईकाक गेल्यो. मगे शेठ म्हणाले, बांबूक दोरी बांधा."

बाईंनी दोरीचं टोक बोटांत धरलं. मग एकदम हळू विचारलं, "आणि तुका?"

"माका कित्याक? मी काय हरवतंय?"

सगळे हसले. मीही हसलो. बाई शिडीवरून उतरल्या आणि शेठच्या केबिनमध्ये गेल्या. त्या दिवसापासून त्यांनी एकच धोशा लावला, हॉपरमध्ये माणूस उतरायचा नाही.

त्यांनी आम्हाला जमवून समजावलं. "पाण्याची टाकी जेवढी भरलेली तेवढा तळाला जोर. धान्याचं तसं नसतं. दाणे एकमेकांना धरून भिंतीवर रेलतात. वरचं ओझं भिंत घेते." मी तेव्हा भिंतीला टेकून उभा होतो. "ह्यो बघा, असो," बाई म्हणाल्या. "ओला तांदूळ तर कमान करतो, पुलासारखी. खालचा निघून गेला, खाली पोकळ, वर कमान. तुम्ही वरून बघता, तुम्हाला वाटतं जमीन आहे. बाबल त्या पुलावर उभा राहतो आणि स्वतःच पूल तोडतो."

शेठ म्हणाले, "बाई, इतकी वर्सा उतरता. काय झाला नाय."

"झाला नाय म्हणान होवचा नाय?"

"चतुर्थी तोंडार इली हा. हॉपर बदलूक आता वेळ खंय?"

"तोंड मोठं करा, उतार उभा करा, आतून गुळगुळीत पत्रा लावा. खालच्या बाजूला दांडा घालायला भोक ठेवा. तोवर अडकला तर थांबा. नारळ हवे तेवढे फोडा, पण ह्या उताराचो नकाशो काय देवान काढूक नाय."

शेठ हो म्हणाले, म्हणजे नाही म्हणाले. आणि बाईंच्या विरुद्ध कारखान्यात सगळ्यात जास्त कोण बोललं? मी. ही बाई माझं एकुलतं एक काम काढून घेतेय, असं मी टपरीवर, देवळात, एसटीत, सगळीकडे सांगत फिरलो. "कॉलेजातली बाई ती. तिका तांदूळ फळ्यार दिसता, माका पायाखाली कळता," असलं काय काय. लोकांना पटायचं. मी बोलायला हुशार आहे, चौथीत तोंडी परीक्षा असती तर पास झालो असतो.

बाईंना हे कळलं असणार, आरोंद्यापर्यंत काय पोचत नाही? पण मला कधी बोलल्या नाहीत. फक्त एक दिवस सकाळी आल्या त्या टेम्पोतून, बरोबर केळीचा बुंधा. जाड, माझ्याएवढा उंच.

"शेठ, आज हॉपर अडकला की मला एवढंच करू द्या. मग मी परत तोंड उघडणार नाही."

शेठला तेच पाहिजे होतं. दुपारी हॉपर अडकला. बाई मला म्हणाल्या, "शर्ट काढ." मी काढला. मंगलने मागल्या चतुर्थीला घेतलेला, निळ्या चौकड्यांचा. बाईंनी तो बुंध्याला घातला, बटणं लावली. बुंध्याच्या कमरेला दोरी बांधली, चांगली जाड. आम्ही तो वर चढवला आणि तांदळावर उभा केला. आत माझ्यासारखाच दिसत होता, फक्त जरा जास्त शहाणा. सगळे शिडीला आणि वरच्या लोखंडी ओट्याच्या कठड्याला लटकून बघायला लागले. "बाबल्या, पोट आत घे रे!" "बाबल्या, भजी खाल्लंस काय?"

बाईंनी खालून झडपेच्या तोंडातून दांडा घालून कमान हलवायला सांगितली.

आधी काहीच नाही. मग मधोमध तांदळात एक खळगा पडला, वाटीएवढा. आणि एकदम सगळा तांदूळ आत वळला. बुंधा गुडघ्यापर्यंत गेला, मग कमरेपर्यंत. कोणीतरी अजून हसत ओरडलं, "बाबल्या बुडालो रे, बाबल्या बुडालो!" तोवर छातीपर्यंत. मग कॉलर. तोंड उघडायलासुद्धा वेळ मिळाला नसता. वर एक रिकामी बाही राहिली.

"झडप बंद," बाई म्हणाल्या. "आता ओढा. दोरी आहे ना? ओढा."

चार जणांनी ओढलं. हॉपरच्या काठावर पाय रोवून ओढलं. बुंधा हलेना. कोणी हसत नव्हतं. बाई म्हणाल्या, "सगळ्या बाजूंनी दाण्यांनी धरलंय. जिवंत माणसाला असं ओढाल तर माणूस तुटेल, पण निघणार नाही."

तेवढ्यात मंगल आली. पॅकिंगच्या खोलीत तिने ऐकलं होतं ते एवढंच, बाबल्या बुडालो. तिला बुंध्याचं कोणी सांगितलं नव्हतं. ती शिडीवर कशी चढली माहीत नाही, आतापर्यंत ती कधी चढली नव्हती. आत वाकून बघितलं तर निळ्या चौकडीची बाही. तिच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी परत ऐकला नाही आणि ऐकायचाही नाही. मी कुठे होतो? मी तिच्या मागे, कठड्याला टेकून, उघडाबंब.

"गो, मी हयसर आसंय," मी म्हटलं.

ती वळली. मला बघितलं. माझ्या छातीवर हात ठेवून बघितला, मग तोच हात उचलून अशी थोबाडीत मारली की मी कठड्यावरून पडता पडता राहिलो. आणि मग ती तिथेच खाली बसून रडायला लागली.

बाईंचं तोंड पांढरंफटक झालं होतं. त्या धापा टाकत वर चढल्या, मंगलच्या शेजारी लोखंडावर बसल्या आणि तिचा हात धरला. "माजा चुकला गो बाये. तुका आधी सांगूक व्हया होता. माजा चुकला." एवढ्या मोठ्या कॉलेजात शिकवलेल्या बाई, पण आमच्या सगळ्यांच्या समोर दोनदा म्हणाल्या.

मंगलने डोळे पुसले. खाली उतरली. शेठच्या समोर जाऊन उभी राहिली. शेठशी ती कधी मान वर करून बोलली नव्हती. "माजो घो ह्याच्यात परत जावचो नाय. दुसऱ्या खयच्या बायलेचो पण जावचो नाय. तोवर आमी पाकीट भरूचव नाय." आणि जाऊन पॅकिंगच्या बाकावर हात बांधून बसली. तिच्याबरोबर बाकीच्या बायका बसल्या.

शेठने शिडी चढून आत बघितलं. बाही अजून तिथेच होती. शेठ म्हणाले, "बाई, तो पत्रा खयचो लावूचो म्हणालंत?"

त्या चतुर्थीला आमचं पीठ उशिरा गेलं. पण नंतर हॉपर दुरुस्त झाला, तोंड मोठं, आत गुळगुळीत, वर जाळी. तांदूळ आता सुरसुरत उतरतो. खाली झडपेवर मी असतो. बसून. भजी मिळत नाहीत, पाठीवर कोणी थाप मारत नाही. बाईंनी मला तांदूळ गिरणीत सोडायच्या आधी त्याचा ढीग करून उतार मोजायला शिकवलं. मी कोनमापक अजून उलटा धरतो, मंगल येऊन सुलटा करते. घरात एक पोरगी होतीच, त्यानंतर दुसरी झाली. मंगल तिला मांडीवर घेते तेव्हा मला वाटतं, बुंध्याच्या जागी मी असतो तर ही काही हिशोबातच नव्हती.

बाईंना मी कधी धन्यवाद म्हटलं नाही. आमच्यात तसं म्हणत नाहीत. आंब्यांची पेटी नेऊन दिली. त्यांनी ती उघडून आधी आंबे कसे रचलेत ते बघितलं आणि म्हणाल्या, मधे गवत कमी घातलंय.

मग बाईंचे गुडघे गेले. आरोंद्याचं घर पायऱ्यांचं. लेक येऊन त्यांना बेळगावला घेऊन जाणार असं ठरलं. जायच्या आधी त्यांनी मला फोन केला. वैभववाडीच्या बाजूला एकाने नवीन भातगिरणी टाकलीय, त्याचा हॉपर बघायला बोलावलंय, सोबत ये. मी गेलो. मालक तरुण पोरगा, वागायला चांगला. हॉपर नवाकोरा, चकचकीत. पण वरचं तोंड उघडं. बाईंनी विचारलं, "जाळी?" तो म्हणाला, "लावतो बाई, पुढल्या आठवड्यात. आज पहिला भात टाकायचाय, मुहूर्त आहे." शिडीजवळ त्याचा एक कामगार बांबू घेऊन उभाच होता. माझ्यासारखाच, किडमिडीत.

तिथे एक प्लॅस्टिकची खुर्ची होती, ती बाईंनी उचलली, शिडीच्या पायथ्याला टेकवून ठेवली आणि तिच्यावर बसल्या. शिडी चढायची तर आधी बाईंना उठवायला लागणार. मालक आला, विनवण्या केल्या, चहा आणला. बाईंनी चहा घेतला.

"तू जा," मला म्हणाल्या. "शेवटची गाडी चुकात. मंगल वाट बघता असतली."

"आणि तुमी?"

"लेक येतलीच गाडी घेवन. जा रे."

मी रस्त्यावर आलो. एसटी येईपर्यंत मालकाने वेल्डरला बोलावलं होतं. खिडकीतून बघितलं तेव्हा वर जाळी जोडायला सुरुवात झाली होती, ठिणग्या पडत होत्या. बाईंनी वेल्डरला वर सोडून खुर्ची परत तिथेच टेकवली होती, फक्त ठिणग्यांकडे पाठ केली होती. त्यांनी त्या बांबूवाल्याला समोर बसवलं होतं आणि त्याला काहीतरी सांगत होत्या, बोट नाचवून. मी हात हलवला. त्यांनी बघितलं नाही. त्या रागावलेल्या होत्या.